गिझर गळतोय, पण नक्की कुठून?

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कासारवडवलीच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर, बाथरूममध्ये २५ लिटरचा उभा गिझर, वय सात वर्षं. खालून पाणी ठिबकतं, आणि दिवाळीनंतर गिझर पुन्हा वापरायला काढल्यापासून मधूनच सगळ्या घराची वीज जाते. सोसायटीच्या प्लंबरनं खालूनच मान वर करून सांगितलं, ‘टाकी गेली, नवीन घ्या.’ जोडीला दुसरा प्रश्न त्यांच्या भावाचा. नेरूळला टेरेस फ्लॅट, तिथं अमेरिकेहून मागवलेला हॉट टब, आणि पावसाळा संपला की त्याचा हीटर लावताच ट्रिप. दोन्हीचं दुरुस्त करायचं की बदलायचं?

ताई, टाकी गेलेली असूही शकते. पण ठिबकणं आणि ट्रिप होणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, आणि गिझरचं झाकण न उघडता जो दोन्हीचं निदान करतो त्याला तुमच्या गिझरपेक्षा दुकानातल्या गिझरमध्ये जास्त रस असतो. पाणी कुठून येतंय हे बघायला स्टूल, टॉर्च आणि कोरडं फडकं एवढंच लागतं. गिझरचा एमसीबी, म्हणजे वीजबोर्डावरचं त्याचं आपोआप पडणारं बटण, खाली पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सगळं पुसून कोरडं करा आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघा.

निळ्या खुणेच्या, म्हणजे थंड पाणी आत नेणाऱ्या तोटीवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, बाजूला बारीक भोक असलेला. ठिबकणं तिथून असेल तर बऱ्याचदा गिझर ठणठणीत असतो. हा सेफ्टी व्हॉल्व्ह दोन कामं करतो. आत गेलेलं पाणी मागं येऊ देत नाही, आणि आतला दाब प्रमाणाबाहेर गेला की थोडं पाणी सोडून देतो. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेलं तर ते साधारण ४०० मिलिलिटरनं वाढतं. नळ बंद, मागं जायची वाट बंद, मग ते जाणार कुठं? त्या भोकातून थेंबाथेंबानं बाहेर. गिझर तापताना ठिबकतो आणि दिवा विझल्यावर थोड्या वेळात थांबतो, असं असेल तर व्हॉल्व्ह त्याचं काम चोख करतोय. त्याला एक पातळ नळी लावून जाळीपर्यंत सोडा, विषय संपला.

या भोकात एम-सील भरून ‘गळती बंद’ केलेले गिझर मला दर हिवाळ्यात भेटतात. तो गिझर मी सुरू करत नाही, आधी व्हॉल्व्ह बदलतो. उद्या तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनंही दगा दिला, तर शिट्टी जाम झालेला कुकर भिंतीवर टांगलाय म्हणायचा.

गिझर बंद आहे, पाणी थंड आहे, तरी व्हॉल्व्ह ठिबकतोच आहे? व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसला असेल तर त्याची कडी दोन-तीनदा उचलून पाणी जोरात जाऊ दिलं की भागतं. नाही भागलं तर दाब बाहेरून येतोय. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार. मजला तीन मीटरचा धरला तर तीस मजली टॉवरच्या गच्चीवरची टाकी तळमजल्यावर नऊ बारचा दाब देईल. म्हणून डक्टमध्ये काही मजल्यांमागे एक असा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, पीआरव्ही, बसवलेला असतो. घरगुती गिझर बहुतेक ६.५ किंवा ८ बारचे, अंगावरच्या पाटीवर तसं छापलेलं असतं. एखादा पीआरव्ही बिघडला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या मजल्यांचे गिझर एकदमच ‘गळायला’ लागतात आणि प्रत्येक घरात वेगळा मेकॅनिक येऊन वेगळं बिल करून जातो. तुमच्याच लाइनमधल्या वर-खालच्या घरांत विचारा. त्यांच्याकडेही हेच असेल तर हा खर्च सोसायटीचा, तुमचा नाही.

दुसरी जागा म्हणजे खालचं प्लास्टिकचं झाकण, जिथून वायर आत जाते. तिथून पाणी येत असेल तर टाकी आणि फ्लँज, म्हणजे कॉइल धरून ठेवणारी खालची चकती, यांच्यामधलं रबरी गॅस्केट कडक झालंय किंवा पाणी तापवणारी कॉइल बुडाशी कुजली आहे. ही दुरुस्ती करण्यासारखी आहे. मात्र ती होईपर्यंत गिझर लावायचा नाही, कारण ते पाणी थेट थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर उतरतं. तुमच्या घरची वीज जाण्याचं कारण हेच निघेल असा माझा अंदाज आहे.

तिसरी जागा वाईट. जोड कोरडे, झाकण कोरडं, आणि बाहेरच्या बॉडीच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपतंय. टाकीला भोक पडलंय, पाणी पफच्या, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या, थरात मुरून मग बाहेर येतंय. इथं तुमचा प्लंबर बरोबर ठरला. काचेचा लेप दिलेल्या टाकीला बाहेरून वेल्डिंग मारलं तर त्या उष्णतेनं आतला लेपच तडकतो, त्यामुळे ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता वीज जाण्याबद्दल. आधी कोणतं बटण पडतं ते बघा. फक्त गिझरचा एमसीबी पडत असेल तर शॉर्ट आहे किंवा लाइनच्या कुवतीपेक्षा जास्त करंट खेचला जातोय. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा तेरा. घरभर अंधार होत असेल तर आरसीसीबी पडतोय, म्हणजे जाणारा आणि परत येणारा करंट जुळत नाही, थोडा कुठंतरी अर्थला गळतोय. घरातला आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा. एवढीशी गळती झाली की तो पडतो आणि त्यानं पडायलाच हवं.

‘दिवाळीनंतर’ हा तुमच्या प्रश्नातला शब्द मला महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून अनेक घरांत गिझर बंदच असतो. कॉइल म्हणजे धातूची नळी, तिच्या मधोमध तापणारी तार, आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही, पण ओल मात्र हावरटासारखी शोषते. टोकाचं सील म्हातारं झालं असेल तर ठाण्याचे चार महिने पावसाचे पुरतात. ओली पूड वीज अडवू शकत नाही आणि पहिल्याच आंघोळीला अंधार होतो.

मेकॅनिक मल्टिमीटर लावून ‘कॉइल ओके’ म्हणाला तर त्यानं अर्धीच परीक्षा घेतली. २००० वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम यायला हवा, ३००० वॅटचा साडेसतराच्या आसपास. हे आकडे बरोबर आले म्हणजे तार तुटलेली नाही एवढंच कळतं. तार आणि नळी यांच्यामधून गळती आहे का, ते ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, सांगतो. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला की ती कॉइल मी परत बसवत नाही. नुसती ओल असेल तर कॉइल कोरडी करून आकडा वर आणता येतो, पण नळीवर हिरवट डाग, फुगवटा किंवा बारीक चीर दिसली तर कोरडी करण्यात वेळ घालवू नये. नवी कॉइल गिझरच्या किमतीच्या मानानं स्वस्त असते.

एक फसवा प्रकारही आहे. गिझरचं बटण बंद आहे, तरी मिक्सर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. लोक मिक्सरला दोष देतात. बटण एकेरी असेल तर ते फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइल न्यूट्रलच्या टोकाला अर्थ झाली असेल तर घरातल्या दुसऱ्या उपकरणांचा परतीचा करंट त्या वाटेनं गळतो. गिझरचा प्लग सॉकेटातून काढून ठेवा, थेट जोडणी असेल तर वायरमनकडून दोन्ही तारा सोडवून घ्या, आणि एक दिवस बघा. वीज टिकली तर मिक्सर निर्दोष. म्हणूनच गिझरला दोन्ही तारा तोडणारा डीपी स्विच असावा, आणि तो बाथरूमच्या बाहेर.

याच जागी काही वायरमन सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय करतात, आरसीसीबीच बायपास करून टाकतात. ‘आता जात नाही ना वीज?’ नाही जात, कारण आता गळणारा करंट तोडणारं कुणी उरलेलं नाही. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागं अर्थची तार जोडलेलीच नसते, असंही सापडतं. अर्थ नाही, आरसीसीबी नाही, आणि कॉइल गळतेय. मग करंटला वाट उरते ती ओल्या फरशीवर उभ्या माणसातून. नळाला हात लावताना मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ‘हलका करंट आहे’ म्हणून आंघोळ उरकू नका. बाहेर या, मेन पाडा. बाकी सगळं नंतर.

गिझर किती जगणार हे कंपनीपेक्षा तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं त्यावर जास्त ठरतं. ठाण्याला भातसा नदीचं पाणी पिसे-टेमघरवरून येतं, नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणातून. दोन्ही पावसाचं साठवलेलं पाणी, सौम्य. ते एकटं असेल तर गिझर वर्षानुवर्षं खळखळ न करता चालतो. घोडबंदरच्या बऱ्याच टॉवरांत मात्र महापालिकेचं पाणी पुरत नाही आणि टाकीत टँकरचं किंवा बोअरचं मिसळतं. ते जड असतं. तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच खार, कॉइलवर थरावर थर बसतो. खाडीच्या बाजूच्या बोअरला, म्हणजे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या पश्चिम अंगाला, वरून मीठही असू शकतं, आणि त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीचे वेल्ड खातं. कोणत्या दिवशी कोणतं पाणी येतं हे सोसायटीच्या ऑफिसात विचारलं तर सांगतात.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. गिझरवाल्याच्या दृष्टीनं २०० च्या पुढं खार बसणार हे धरून चालायचं. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राबरोबर येणारा टीडीएस मीटर हे सांगत नाही. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यातला खार किती ते वेगळं मोजावं लागतं. कठीणपणा तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात.

खार बसल्याची पहिली खूण आवाज. गिझर लावल्यावर आतून कढई उकळल्यासारखा खळखळाट, मधूनच कडकड. ‘खारामुळे बिल वाढतं’ असं सगळेच सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. कॉइलनं घेतलेली वीज शेवटी पाण्यातच जाते, खार असला तरी तिला दुसरीकडे जायला वाट नाही. खरं नुकसान कॉइलचं. अंगावर थर चढला की तिची उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ती आतून जास्त तापते आणि लवकर फुटते. शिवाय तळाशी खवल्यांचा ढीग साचून थर्मोस्टॅटची दांडी गाडली जाते, गिझर वेळेआधी कट होतो आणि दुसऱ्या माणसाला कोमट पाणी मिळतं.

टाकीसाठी महत्त्वाची वस्तू म्हणजे फ्लँजवर कॉइलशेजारी लावलेली मॅग्नेशियमची दांडी, अॅनोड. काचेच्या लेपात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. त्यातून पोलाद गंजण्याऐवजी मॅग्नेशियम स्वतः झिजतं. दांडी संपली की टाकीची पाळी. मी फ्लँज खाली घेतो तेव्हा जड पाण्याच्या घरात कित्येकदा दांडीच्या जागी नुसती काडीसारखी लोखंडी सळई आणि तिला चिकटलेली राखाडी चुन्याची गुठळी असते. घरच्यांना अशी काही वस्तू गिझरमध्ये असते हेच ठाऊक नसतं, कारण विकताना कुणी सांगत नाही. टँकरच्या पाण्यावर असाल तर दर वर्षी उघडून बघा, निम्म्याहून जास्त झिजली की बदला. मोरबेच्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी बघितलं तरी चालेल.

सर्व्हिसिंग कसं होतं ते माहीत असलेलं बरं, म्हणजे समोरचा काय करतोय ते कळतं. मेन बंद, टर्मिनलवर वीज नाही याची खात्री. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद. गरम नळ उघडा, म्हणजे वरून हवा शिरेल. मग खालचा पाइप सोडून टाकी रिकामी करायची. गरम पाणी असेल तर आधी नळानं थंड करून घ्यायचं, भाजण्याचे प्रकार इथंच होतात. फ्लँजचे नट सोडले की कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि अॅनोड एकत्र बाहेर येतात, मागोमाग खवल्यांचा लोंढा. बादली तयार ठेवा, नाहीतर तेच खवले जाळीत जाऊन नहाणी तुंबते. कॉइलवरचा खार सायट्रिक अॅसिडच्या, म्हणजे लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून काढायचा. फरशी घासायचं अॅसिड वापरू देऊ नका. ते खार झटकन काढतं, सोबत कॉइलची नळी आणि स्टीलची टाकीही खातं. हातोडीनं टकटक करून खार पाडणाऱ्यालाही थांबवा. गॅस्केट मात्र दर वेळी नवंच. जुनं ‘चांगलं आहे हो’ म्हणून परत लावलं तर आठवड्यात पुन्हा फोन येतो.

परत भरताना घाई नको. गरम नळ उघडा ठेवून पाणी सोडा, हवा फुसफुसत बाहेर जाईल, सलग धार लागली की नळ बंद. मगच वीज. कोरडी कॉइल मिनिटाभरात जळू शकते, आणि त्यासाठी मेकॅनिकही लागत नाही. पाण्याचा शटडाऊन असला, इमारतीची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडा ठेवला, तर थंड पाण्याच्या लाइनमधून गिझरमधलं पाणी मागं ओढलं जातं. ते अडवणारा झडपेचा भाग त्याच सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये आहे. काहीजण ‘प्रेशर कमी येतो’ म्हणून तो काढून ठेवतात. शटडाऊननंतर गरम नळाला धार लागल्याशिवाय गिझर लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तर ताई, तुमचं. झाकण उघडून आतला भाग ओला निघाला, बॉडी कोरडी असली, आणि फ्लँज काढल्यावर टॉर्चनं टाकीच्या आत पाहता लेप शाबूत दिसला, गंजाचे फोड नाहीत, तर कॉइल, गॅस्केट, अॅनोड आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकाच खेपेत बदलून घ्या. सुटं सुटं करत बसलात तर दर वेळी मजुरी पडते. आत तांबूस फोड दिसले तर सात वर्षांच्या गिझरवर एक रुपया घालू नका. टाकीची वॉरंटी बहुतेक पाच ते सात वर्षांची असते, तेव्हा बिल शोधून तारीख बघा, एखादा महिना उरला असेल तर आधी कंपनीत तक्रार नोंदवा आणि बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नका. मधली परिस्थिती असेल, म्हणजे टाकी बरी पण सामान आणि मजुरी नव्याच्या निम्म्यापर्यंत जातेय, तर टँकरच्या पाण्याच्या घरात मी नवा घ्यायला सांगतो, महापालिकेच्या पाण्याच्या घरात दुरुस्ती.

नवा घ्यायचा झाला तर आधी आकार ठरवा. साठ अंशांचं १५ लिटर पाणी पंचवीस अंशांच्या पाण्यात मिसळून चाळीस अंशांवर आणलं तर ३५ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. २५ लिटरचा गिझर तसंच ५८ लिटर देतो. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घराला १५ पुरतो आणि २००० वॅटवर १५ लिटर पाणी पंचवीसवरून साठला जायला अठरा-एकोणीस मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास आणि एक युनिटच्या आसपास वीज. स्टार जास्त म्हणजे भरून ठेवलेलं गरम पाणी हळू निवतं. दिवसभर लावून ठेवणाऱ्या घरात त्याचा उपयोग, वीस मिनिटांत बंद करणाऱ्या घरात फार नाही. त्यापेक्षा जड पाण्यासाठी इन्कोलॉय या सहज न गंजणाऱ्या मिश्रधातूची कॉइल, जाड अॅनोड आणि तुमच्या मजल्याला पुरेल एवढा बारचा आकडा बघा. आयएसआय खूण आणि तिच्यावरचा आयएस २०८२ हा आकडा पेटीवर नाही, गिझरच्या पाटीवर बघायचा. खारट बोअरचं पाणी असेल तर स्टीलपेक्षा काचेच्या लेपाची टाकी बरी, अॅनोड बदलत राहिलात तर.

भिंतीबद्दल दोन शब्द, कारण इथं अपघात होतात. पाण्यानं भरलेला २५ लिटरचा गिझर पस्तीस किलोच्या वर जातो. नव्या टॉवरांतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या असतात, साइटवर ज्याला सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधा फास्टनर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी भुगा होऊन सैल पडतो. तिथं केमिकल अँकर किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट. मायव्हानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीट भिंतीत पकड उत्तम मिळते, पण आत पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते ड्रिल लावण्याआधी बघावं लागतं. सिडकोच्या जुन्या इमारतींत प्लास्टर फुगलेलं असेल तर ते पाडून विटेपर्यंत जा. बोल्टांतलं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं, जुन्या भोकांवर नवा गिझर बसेलच असं नाही. उभा गिझर आडवा टांगायचा नाही, आडव्याची टाकी वेगळी बनवलेली असते. गरम बाजूला सीपीव्हीसी पाइप आणि गिझरजवळचा तुकडा धातूचा किंवा गरम पाण्याचा ब्रेडेड पाइप. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी ठीक, गरमला नाही.

‘वीज नकोच, पाइप गॅस आहे, गॅस गिझर लावू का’ हे कुणी ना कुणी विचारतंच. बाथरूमच्या आत नाही. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि आतून कडी लावलेली असते. बाहेर मोकळ्या डक्टच्या बाजूला, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपासह आणि गॅस कंपनीच्या माणसाकडून जोडणी, एवढं जमत असेल तरच.

आता भावाचा टब. हॉट टबच्या हीटरमध्ये साठवण नसते. पंप पाणी एका स्टीलच्या नळीतून ढकलतो आणि त्या नळीत कॉइल असते. म्हणून तिथं दोन रखवालदार असतात. प्रवाह आहे की नाही ते बघणारा स्विच, आणि फार तापलं तर तोडणारा सेन्सर. पॅनेलवर प्रवाहाची किंवा तापमानाची सूचना येऊन हीटर बंद पडत असेल तर हीटर बदलायची घाई नको. फिल्टर काढून टब चालवून बघा. सूचना गेली तर फिल्टर तुंबला होता, तो धुवा किंवा बदला. पण तुमच्याकडे आरसीसीबी पडतोय, ते वेगळं.

वायरमनला सांगा, मेन बंद करून कंट्रोल बॉक्समधून हीटरच्या दोन्ही तारा सोडव, टोकं नीट बंद कर, मग टब चालू कर. पंप, ब्लोअर, दिवे चालले आणि आरसीसीबी टिकला तर दोष हीटरचा. तरीही पडला तर पंपाच्या सीलमधून मोटारीत पाणी, दिव्यात पाणी किंवा गच्चीवरच्या जॉइंट बॉक्समध्ये पाऊस, यांपैकी काहीतरी. नेरूळच्या गच्चीवर खाडीचा वारा आणि चार महिने पाऊस, तेव्हा मी आधी जॉइंट बॉक्स उघडतो.

हीटरच असेल तर पाणी तपासा, नाहीतर नवाही वर्षभरात जाईल. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. पावसाळ्यात टब वापरात नसतो, झाकण नीट नसेल तर पावसाचं पाणी मिसळतं आणि काळजी म्हणून कुणीतरी तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवतं. त्या गोळ्या आम्ल असतात. पंप बंद, पाणी स्थिर, पीएच घसरलेला, आणि कॉइल त्यात महिनोन्महिने बुडालेली. दिवाळीला बटण दाबलं की ट्रिप होणारच. जूनमध्ये टब आणि हीटरची नळी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा, किंवा भरलेला ठेवायचा तर पंप रोज चालवा आणि पाणी तपासत राहा.

अमेरिकन टबाची आणखी एक गंमत. तिथली वीज १२० आणि २४० व्होल्टची, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हीटरचं त्यानं फारसं बिघडत नाही. २४० व्होल्टला साडेपाच किलोवॅट लिहिलेला हीटर इथं पाचच्या आसपास देतो, करंट बावीस अँपिअर. म्हणजे त्याला स्वतःची जाड लाइन आणि स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, गिझरच्या सॉकेटवर जमणार नाही. पण आतले पाणी जंतुमुक्त करणारे ओझोनेटर किंवा छोटे पंप काही मॉडेलांत १२० व्होल्टचे असतात. ते बघितल्याशिवाय कुणी थेट २३० दिले असतील तर ट्रिप होण्याचं कारण तिथंही सापडू शकतं. प्रत्येक भागाची पाटी वाचून घ्या.

आणि हीटर बदलल्यावर ‘तापायला वेळ लागतो’ ही तक्रार करू नका. हजार लिटर पाणी २६ वरून ३८ अंशांवर न्यायला चौदा युनिट लागतात, तीन किलोवॅटच्या हीटरला पावणेपाच तास, झाकण उघडं असेल तर त्याहून जास्त. चाळीस अंशांच्या वर मात्र जाऊ नका.

नवा मागवताना जुन्याचा फोटो पुरत नाही. नळीची लांबी, दोन्ही टोकांच्या युनियनचा (फिरवून सोडता येणाऱ्या जोडाचा) व्यास, किलोवॅट, सेन्सर बसायच्या जागा किती आणि कुठं, हे मोजून पाठवा. पाण्यावर लक्ष ठेवणं जमणार नसेल तर टायटॅनियमची कॉइल घ्या, महाग पण टिकते. दोन्ही ओ-रिंग नव्या लावा. टब भरला की वरच्या बाजूची युनियन किंचित सैल करून अडकलेली हवा जाऊ द्या, पाणी आलं की आवळा, पंपाचा आवाज सलग झाला की मगच हीटर चालू करा.